पाहणीपासून साक्षगंधापर्यंत: सोयरिकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी बसस्टँडला लागून माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. जूनमध्ये जातीचे दाखले, पावसाळ्यात पीकविमा आणि एकदा तुळशीचं लग्न लागलं की बायोडाटे. आमच्या भागात कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आल्याशिवाय सोयरिकीची गोष्ट निघत नाही, त्यामुळे दिवाळी ते उन्हाळा माझ्या प्रिंटरला दम नसतो. फोटो कापता कापता, 'रंग: निमगोरा' टाइप करता करता लोक नाना गोष्टी विचारतात. मला वाचायचा नाद, म्हणून मीही ऐकवते की अमक्या देशात असं करतात, तमक्या मुलखात तसं. तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

पोट्टी पाहाले जाणं हे आपल्याच इकडे हाय काय?

नाही. जपानमध्ये याला 'ओमिआई' म्हणतात. तिथेही बायोडाटा असतो, त्याचं नाव 'त्सुरिगाकी': शिक्षण, नोकरी, घरची माणसं, छंद. सोबत स्टुडिओत काढलेला फोटो. आपल्या मधल्या माणसासारखा तिथे 'नाकोदो' असतो. तो दोन्ही घरांची चौकशी करतो, भेट ठरवतो, भेटीत सोबत बसतो आणि थोड्या वेळाने दोघांना बोलायला सोडून उठतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रेमविवाहांची संख्या अशा लग्नांच्या पुढे गेली, तरी पद्धत अजून पुरती मोडली नाही.

चीनमध्ये शांघायच्या पीपल्स पार्कात शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्या जमिनीवर मांडून बसतात. छत्रीवर कागद चिकटवलेला: वय, उंची, पगार, स्वतःचं घर आहे की नाही. ज्यांची लग्नं ठरवायची ती पोरं बहुधा तिथे नसतातच. आपल्याकडे नागपूर, अमरावती, अकोल्याला समाजाचे परिचय मेळावे होतात, त्यात निदान पोरगा-पोरगी स्वतः स्टेजवर येऊन नाव-गाव सांगतात. तेवढ्यापुरतं आपलं बरं आहे, जरी माइक हातात आला की निम्म्या पोरांचा घसा बसतो.

पसंत नसलं तर कसं कळवायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सोयरिकीचं अर्धं शास्त्र इथेच आहे. होकाराला अक्कल लागत नाही, तो पेढ्यांसोबत आपोआप पोचतो. नकार मात्र असा द्यावा लागतो की उद्या बाजारात तीच माणसं भेटली तर दोघांनाही मान वर करून 'रामराम' म्हणता यावा.

युक्रेनच्या खेड्यांत पूर्वी मुलाकडचे मध्यस्थ मागणी घालायला येत. मुलीला पसंत असेल तर ती त्यांना भरतकामाचा लांब पंचा बांधायची. पसंत नसेल तर आतून एक भोपळा आणून हातात द्यायची. बोलायचं काही कामच नाही. ते वरातीसारखे आलेले लोक भोपळा घेऊन गावातून परत जायचे, त्यामुळे म्हणे अंधार पडल्यावरच मागणी घालायला निघायचे. स्पेनमध्येही नकार देण्याला 'भोपळे देणं' असंच म्हणतात, आणि गंमत म्हणजे परीक्षेत नापास करण्यालाही तिथे तोच शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे गणितात भोपळा मिळतो, पण सोयरिकीत अजून मिळत नाही.

आपल्याकडे भोपळ्याचं काम पत्रिका करते. 'सारंच चांगलं आहे हो, पण गुण जुळून नाही राह्यले.' छत्तीसपैकी अठरा गुण तरी हवेत, असा हिशेब. ग्रह-तारे मध्ये घातले की कोणाचाच अपमान होत नाही. एकदा एक काका दुकानात आले, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अठराच्या खाली निघतीन असं काही करता येते काय?" पोरीला स्थळ पसंत नव्हतं आणि मुलाकडचे नात्यातले होते. मी काही केलं नाही, सॉफ्टवेअरनेच सोळा काढले. काका इतके खूश झाले की दोन प्रती जास्तीच्या नेल्या.

वाईट पद्धत एकच: 'कळवतो' म्हणायचं आणि कळवायचंच नाही. माझ्या स्वतःच्या वेळी एका घरच्यांनी पोहे खाल्ले, वर लाडू नेले, 'दोन दिवसांत सांगतो' म्हणाले आणि चार महिने फोन उचलला नाही. तेवढे दिवस आई दुसरं स्थळ आणू देईना, 'त्याईचं येऊ दे आधी' म्हणून. तुम्ही मुलाकडचे असाल तर आठ दिवसांत मधल्या माणसाला सांगून टाका. कारण सांगायची गरज नाही. मधला माणूस त्यासाठीच असतो, नुसता साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत पहिल्या पाटावर बसायला नाही.

ट्रे घेऊन पोट्टीच काऊन येते? पोट्टं काऊन चालून दाखवत नाही?

हा प्रश्न बारावीतल्या एका मुलीने विचारला, मोठ्या बहिणीचा बायोडाटा करायला आली होती तेव्हा. आफ्रिकेत नायजर देशात वोडाबे नावाचे गुराखी लोक आहेत, गुरं घेऊन फिरणारे. पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा 'गेरेवोल' भरतो. त्यात पुरुष तोंडाला रंग लावतात, डोळ्यांत काजळ घालतात, डोक्यात पीस खोचतात आणि रांगेत उभे राहून तासन्‌तास नाचतात. डोळे मोठे करून, दात दाखवून. कारण पांढरे डोळे आणि पांढरे दात हे तिथे रूपाचं लक्षण. पसंती बायका करतात.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे आलेला नवरदेव मान वर करत नव्हता, दात कुठून दिसतीन?"

जुन्या काळी पोरीले कोणी विचारतच नव्हतं ना?

असं विदर्भातल्या माणसाने तरी म्हणू नये. पुराणांत या मुलखाच्या लेकी मोजून पाहा.

रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठची. भावाने शिशुपाल ठरवला, तर तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला. भागवतात त्या निरोपाचे सात श्लोक आहेत आणि त्यात नुसतं प्रेम नाही, बेतही आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येते, तिथून मला घेऊन जा. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून हरण झालं असं आपल्याकडे सांगतात.

दमयंती विदर्भाचीच. स्वयंवरात तिच्यासमोर पाच नळ उभे राहिले, चार त्यांतले देव. तिने घाबरून कोणालाही माळ घातली नाही, नीट पाहिलं. कोणाला घाम येतो, कोणाची पापणी लवते, कोणाची सावली पडते, कोणाच्या गळ्यातली माळ कोमेजली, कोणाचे पाय जमिनीला टेकले. ज्याला घाम आला तो माणूस, तोच नळ. पाहणीच्या दिवशी पोराला घाम फुटला तर नापसंत करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लोपामुद्रेचं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. अगस्त्य ऋषींनी विदर्भाच्या राजाकडे तिची मागणी घातली. राजाच्या मनात नव्हतं, पण शापाची भीती. तेव्हा तीच पुढे झाली आणि बापाला म्हणाली, मला देऊन टाका. लग्नानंतर वल्कलं नेसून आश्रमात राहिली. पण संसाराची वेळ आली तेव्हा तिने ऋषींना स्वच्छ सांगितलं की बापाच्या वाड्यात होता तसा पलंग आणि तसे दागिने आणा, मग बघू. ऋषी धन मागायला राजांच्या दारोदार फिरले. हे सगळं महाभारतात आहे.

आदिवासींमध्ये सगळं मोकळं असते म्हणतात. गोटूलमध्ये नेमकं काय होते?

विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहूनच मी या प्रश्नाला सावकाश उत्तर देते.

ज्या गोटूलच्या, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींच्या जमायच्या घराच्या, गोष्टी लोक सांगतात ते छत्तीसगडच्या बस्तरमधल्या मुरिया आदिवासींचं. व्हेरियर एल्विन या अभ्यासकाने १९४० च्या दशकात त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून जगभर त्याची चर्चा. तिथे मुलांना 'चेलिक' आणि मुलींना 'मोटियारी' म्हणतात. मुलं-मुली संध्याकाळी जमतात, नाचतात, गातात, काम शिकतात. झाडलोट कोणाची, लाकडं कोणी आणायची याचे पदाधिकारी ठरलेले असतात आणि चुकलं तर दंडही. आपल्या गडचिरोलीत भामरागडकडच्या माडियांचं गोटूल वेगळं आहे. ते मुलांचं, पाहुण्यांचं आणि गावाच्या बैठकीचं घर. मुली तिथे झोपायला नसतात. दोन्ही एकत्र कालवून आपण तालुक्याच्या गावी बसून हसतो.

मला त्यातली फणीची गोष्ट आवडते. मुरिया पोरगा मुलीसाठी लाकडाची फणी कोरतो. मुली त्या केसांत खोचतात, एकीच्या अंबाड्यात अनेक फण्या असू शकतात. अगदी अशीच गोष्ट तिकडे वेल्समध्ये. तिथला पोरगा हिवाळ्याच्या रात्री बसून एका लाकडातून चमचा कोरायचा, दांड्यावर साखळी, कुलूप, पिंजऱ्यात फिरणारा गोळा असं काय काय, आणि मुलीला द्यायचा. १६६७ साल कोरलेला असा एक चमचा कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात आहे. मुलीच्या बापालाही त्यातून कळायचं की पोराच्या हातात कसब आहे, घर चालवील. आपल्याकडे त्या जागी सॅलरी स्लिप मागतात.

आणि 'सगळं मोकळं' तर अजिबात नाही. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवर वाटली आहेत, चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. एकाच संख्येचे देव मानणारे भाऊबंद समजले जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. उलट मामे-आते भावंडांचं लग्न चालतं, त्याला 'दूध लौटावणं' म्हणतात. एका घराने लेक दिली, पुढच्या पिढीत दुसऱ्याने परत दिली. नियम मोजायला बसलं तर आपल्यापेक्षा जास्तच निघतील. बिहारमध्ये मधुबनीजवळच्या सौराठला मैथिल ब्राह्मणांची सभा भरते, तिथे वंशावळी राखणारे पंजीकार पोथ्या उघडून बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या तपासून मगच चिठ्ठी देतात. कूळ तपासायची हौस सगळ्यांनाच.

मुलाने सासऱ्याच्या घरी राबायचं, असंही असते म्हणे?

असतं. पोराकडे देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, नसेल तर तो काही वर्षं मुलीच्या घरी राहून शेतात काम करायचा आणि मग लग्न लागायचं. गोंडांमध्ये अशा मुलाला 'लमसेना' म्हणतात, मेळघाटच्या कोरकूंमध्ये 'लमझना'. त्या काळात मुलगी त्याला रोज बघते: उठतो किती वाजता, पितो किती, गुराढोरांवर हात उगारतो काय. वीस मिनिटांच्या चहापोह्यांत यातलं काय दिसतं ते सांगा.

देज मुलीच्या बापाकडे जातं. हुंडा उलट्या दिशेने जातो. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे बायोडाटात 'अपेक्षा: योग्य मानपान' असं लिहायला सांगू नका. मी लिहीत नाही.

जत्रेत, मंडईत जुळते काय?

झाडीपट्टीत तर मंडईचा अर्धा अर्थच तो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) आणि बाजार, रात्री नाटक, वडश्याची नाटक कंपनी आली असेल तर पहाटेपर्यंत. घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. धान कापणीला आलेला, माणसं खुशीत. कोणाची लेक कोणाच्या घरी पाहुणी आली आहे, कोणाचा भाचा नोकरीला लागला, हे सगळं तिथे चार डोळ्यांना दिसतं आणि दुसऱ्या दिवशी चुलीजवळ गोष्ट निघते. कोणी कोणाला 'पाहायला' आलेलं नसतं, त्यामुळे कोणी नापसंतही होत नाही. मला ही सगळ्यात शहाणी पद्धत वाटते.

मेळघाट ओलांडून मध्य प्रदेशात झाबुआ-अलिराजपूरकडे होळीच्या आधी भगोरियाचे बाजार भरतात. मुलाने विडा दिला, मुलीने खाल्ला की जमलं, असं सांगतात. पण तिथल्या अनेक भिल्ल मंडळींना हे वर्णन आवडत नाही. ते म्हणतात हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, पळून जायचा मेळावा नाही. त्यांचं त्यांना ठाऊक. आपण मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला जाऊ नये, एवढं मात्र खरं.

शेतकरी पोराले पोरगी का भेटून नाही राह्यली?

कारणं तुम्हालाही माहीत आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ती पिढी आता लग्नाच्या वयात येत आहे. ज्या आहेत त्या शिकल्या, त्यांनी आईचं आयुष्य पाहिलं, निंदणीचं आणि सावकाराच्या फेऱ्यांचं, आणि त्यांना ते नको आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले. माझ्या दुकानात चौतिशीतले, पस्तिशीतले तिसऱ्यांदा बायोडाटा सुधारायला येतात, त्यामुळे मला हसू आलं नाही.

आयर्लंडमध्ये लिस्डूनवार्ना नावाचं छोटं गाव आहे. पीक निघालं की सप्टेंबरात तिथे आजूबाजूचे बिनलग्नाचे शेतकरी यायचे आणि जुळवणारा माणूस त्यांची नावं आपल्या वहीत टिपून घ्यायचा. तो मेळा अजून भरतो. म्हणजे एकट्या शेतकऱ्याचं दुखणं तिकडेही जुनंच.

बायोडाटासाठी माझा सल्ला: 'शेती: १० एकर' एवढंच लिहू नका. ओलीत किती, कोरडवाहू किती, नावावर किती आणि वडिलांच्या नावावर किती, जोडधंदा काय, घरात नळ-संडास आहे काय, हे लिहा. मुली हेच विचारतात. आणि दहा एकर तिघा भावांत असेल तर तसंच लिहा, तलाठ्याकडे दोन मिनिटांत कळतं.

एकट्यात दहा मिनिटं दिली तर काय बोलायचं?

'तुमचे छंद काय?' हे सोडून काहीही. कर्ज किती आहे. दारू घेता काय. लग्नानंतर मला शिकायचं असेल, नोकरी करायची असेल तर. घरात कोणाचं दुखणं आहे. राहायचं गावात की नागपूर-पुण्याला. एका मुलीने विचारलेला प्रश्न मला आवडला होता: "तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?"

आणि दहा मिनिटं कमी वाटली तर दुसरी भेट मागा. साक्षगंध ते लग्न या काळात फोनवर बोलून खटकलं तर साक्षगंध मोडता येतं. लोक बोलतात, पण पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाबद्दल बोलायला लागतात.

विदेशात लग्नाआधी एकत्र झोपतात, हे खरं?

तुम्हाला जे ऐकायचं आहे ते नाही, पण एक गोष्ट सांगते. वेल्स, हॉलंड आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात सतराव्या-अठराव्या शतकात कडाक्याच्या थंडीत मुलीच्या घरी आलेल्या पोराला आईबापच तिच्या खाटेवर झोपू द्यायचे. दोघं कपड्यांत, गोधड्यांत गुंडाळलेले, कधी मधे लाकडाची फळी. उद्देश एकच, रात्रभर गप्पा मारता याव्यात आणि सरपण वाचावं. आपल्याकडे मे महिन्यात ४६ अंशाला हे चालणार नाही.

व्हॅलेंटाइन डे आपली संस्कृती आहे काय?

नाही, आणि चॉकलेटही नाही. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला मुली मुलांना चॉकलेट देतात आणि मुलांनी बरोबर महिन्याने, १४ मार्चला, परतफेड करायची असते. परतफेडीची तारीख ठरलेली असणं मला पटतं.

मुलाने मुलीकडे राहायला जाणं कमीपणाचं आहे काय?

मेघालयच्या खासी लोकांत घर धाकट्या लेकीला मिळतं आणि तिचा नवरा तिच्या घरी राहायला येतो. तिथे त्याला कोणी 'घरजावई' म्हणून टोमणा मारत नाही. आपल्याकडे एकुलत्या एका लेकीचं बारा एकर ओलीत पडीक राहतं, पण जावई येत नाही.

वेगळ्या जातीत जमलं आहे. घरचे ऐकत नाहीत. काय करायचं?

दोघं कायद्याने वयात असाल, म्हणजे मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करता येते. ३० दिवस आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि ती फलकावर लागते, याची तयारी ठेवा. वयात आलेल्या दोघांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जात पंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. जोडीदारांपैकी एक अनुसूचित जाती-जमातीचा किंवा भटक्या-विमुक्तांतला आणि दुसरा त्याबाहेरचा असेल तर शासनाकडून ५० हजार रुपयांचं साहाय्य मिळतं. तो अर्ज मी भरून देते आणि गावात कोणाला सांगत नाही.

पोरीचं जन्मसाल एक वर्ष मागे टाकून देता काय?

नाही. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि तो माझ्याच दुकानात झेरॉक्सला येतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाइन नंबर भिंतीवर लावला आहे, तो मुलीही वाचतात.

बायोडाटाचे किती? स्थळ नाही जमलं तर पैसे परत?

साधा तीस रुपये, गणपती आणि रंगीत फोटोसकट पन्नास. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं वेगळं घेत नाही. नकार आला तर पैसे परत नाहीत. उंची, तारीख किंवा मोबाइल नंबर माझ्या हातून चुकला असेल तर दुसरी प्रत फुकट. कोऱ्या पाठीवर स्थळं टिपून ठेवायला जागा सोडते, तेवढी एका हंगामाला पुरते.